पाणी पस्तीसवर

स्लायगो, आयर्लंड, मंगळवार, संध्याकाळ

आज परत धिरडी. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आईचं इडलीचं पीठ फुगलं नाही. "इथले मेले उडीदच बरोबर नाहीत," म्हणाली. मी "असेल" म्हणून खाल्ली.

पंधरा दिवसांपूर्वी लाकडी जमिनीला फटी दिसल्या म्हणून प्लंबर बोलावला होता. घर उबदार ठेवायला जमिनीखालच्या नळ्यांतून पंचेचाळीस अंशांचं पाणी फिरत होतं, लाकडाला ते फार. त्याने पस्तीसवर आणलं आणि "आता ग्रँड", म्हणजे इथल्या भाषेत झकास, म्हणून गेला. आईला मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

आत्ता पाण्याचा आकडा बघायला जिन्याखालचं कपाट उघडलं. सगळ्या नळ्या तिथे एकत्र येतात. त्यांना टेकून पिठाचं पातेलं, भोवती माझा जुना स्वेटर. म्हणजे आधी पीठ फुगायचं ते या उबेवर! झाकणावर तिच्या अक्षरात चिठ्ठी: मेथी घातली, मीठ घातलं. दोन्हींपुढे बरोबरची खूण, तीही दोनदा गिरवलेली.

उडदाचं नव्हतंच तर; आपणच काही घालायला विसरतोय की काय, ही तिला धास्ती. मी दिवसभर वॉर्डात म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायला विचारते, आज वार कोणता. आणि घरी तीनदा धिरडी खाऊन गप्प.

तिला बोलावून पाण्याचं सांगितलं. ती नळ्यांना हात लावून बघत राहिली.

"मग उडीद चांगलेच होते म्हणायचे," म्हणाली.

पाणी पस्तीसवरच ठेवलंय. पातेलं ओव्हनमध्ये, उबेसाठी नुसता आतला दिवा लावून. चिठ्ठी तिने फाडली. अक्षर लागणार नाही इतके बारीक तुकडे केले.