खडकाआडची ठकठक

१२ एप्रिल
पोचलो एकदाचे! बोटीत माझा नवरा चुंग-यान वाटभर ओकत होता, पण बेट दिसताच गडी सगळ्यांआधी उतरला. लष्करानं सोडून दिलेला हा समुद्रकाठचा किल्ला आम्ही भाड्यानं घेतलाय. पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत. आमची खोलीसुद्धा खडकातच कोरलेली. खिडकी म्हणजे तोफेचं भोक, त्यातून नुसता समुद्र. शेजारच्या मेई-चू मावशींनी लाल दारूत शिजवलेली कोंबडी आणली. त्याला म्हणाल्या, "खा रे, नाहीतर इथल्या वाऱ्यानं उडून जाशील."

१५ एप्रिल
धुकं. बोटी, विमानं, सगळं बंद. खोलीपासून खडकात आत जाणाऱ्या भुयाराच्या टोकाला सिमेंटची भिंत आहे. आज तिच्यामागून ठकठक आली, छिन्नीवर हातोडा पडावा तशी. चुंग-यान म्हणाला, लाटा असतील. मग गंमत म्हणून त्यानं पान्यानं भिंत ठोकली आणि ओरडला, "कोण आहे? चहा घेणार का?"
ठकठक थांबली. मग हुबेहूब त्याच्याच लयीत उत्तर आलं.

१६ एप्रिल
मावशींना सांगितलं. त्यांची पळी पातेल्यातच राहिली. भुयार खोदताना दरड कोसळली आणि काही सैनिक पलीकडे अडकले, म्हणाल्या. ते ठोकत राहिले. वरून हुकूम आला, भिंत घाला. गावानं ऐकलं, उत्तर कुणी दिलं नाही. "आणि तुम्ही दिलंत? अगं पोरी, आता ते तुमच्याच आशेवर!" बोट सुटेपर्यंत त्यांच्या घरी राहा म्हणाल्या. चुंग-यान ऐकेना. माणसंच आहेत ना ती, म्हणाला.

१८ एप्रिल
चुंग-यान जेवत नाही. कालपासून पहार घेऊन भिंत फोडतोय. हाक मारली तर म्हणतो, थांब, ते दमलेत.

१९ एप्रिल
दुपारी घाव थांबले. धावत गेले. पहार खाली पडलेली. त्याच्या चपला भिंतीकडे तोंड करून. काल एवढं खिंडार पडलं होतं, आज भिंत सपाट. एक टवकासुद्धा नाही. आणि आतून, अगदी जवळून, त्याचा आवाज:
"यू-छिंग, हवा पुरत नाही गं आम्हाला."
आम्हाला.

२०
मावशी आल्या. दंडाला धरून ओढत होत्या. उत्तर देऊ नकोस, तो आता तो राहिला नाही, म्हणाल्या. मी त्यांना खोलीबाहेर ढकललं.
ठकठक मंदावतेय. नवरा आहे माझा —
मी ठोकलं.

लगेच सगळीकडून — खाटेमागे, छतात, जमिनीखाली — केवढे हात आहेत — वहीवर खडी गळतेय — मावशी बाहेरून हाका मारतायत, पण दार होतं तिथं नुसता खडक — चुंग-यान, कुठल्या बाजूला आहेस, मी —