उन्हात न दिसणारी ज्योत

२ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मास्तरीणबाईंचा भाचा टँकर घेऊन तुझ्या कारखान्यात आला होता. तू भर दुपारी हातात केरसुणी घेऊन फिरत होतीस म्हणे. इंजिनियर केलं ते केर काढायला? ते काही नाही, नोकरी सोड आणि घरी ये.

रागावलो तरी जीव तुझ्यातच.
बाबा

९ मार्च

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. इतका राग?

अहो, केरसुणी खरी, पण केरासाठी नाही. आम्ही विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढतो. थोडा खताच्या कारखान्याला जातो, थोडा बसगाड्यांना. त्याला रंग नाही, वास नाही. गळून पेटला तर उन्हात ज्योतही दिसत नाही. मागे एकदा अशी ज्योत टिपणारा कॅमेरा बंद पडला, तेव्हा जुन्या फोरमनकाकांनी त्यांची रीत शिकवली. लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून हळूहळू चालायचं, काड्या पेटल्या की जागीच थांबायचं. भोवती पांढऱ्या टाक्या, वर निळं आभाळ, सगळं कसं शांत. झोपेत चालल्यासारखं वाटतं. आणि जळून त्याचं होतं काय, तर पुन्हा पाणीच!

बाबा, हे काम मला सोडवत नाही. माया पातळ करू नका.

तुमची भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

अक्षर मास्तरीणबाईंचं आहे. तुझं पत्र त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. दुपारी डोळा लागला की तू त्या पांढऱ्या टाक्यांमधून चालताना दिसतेस. तेवढंच आता स्पष्ट दिसतं.

खरं सांगतो. केरसुणीचं नुसतं निमित्त होतं. चाळीस वर्षं वेल्डिंग केलं, त्यात डोळे गेले. शेगडीची ज्योतसुद्धा दिसत नाही. गेल्या महिन्यात बाही पेटली, ती बाईंनी विझवली. एकट्याला भीती वाटते गं. पण मला घेऊन जा म्हणवेना, म्हणून तुलाच ये म्हटलं.

तू काम सोडू नकोस. माझं मी बघेन. यावर बाई हसताहेत.

सुखी राहा.
बाबा

२१ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

मास्तरीणबाई, हे मोठ्यानं वाचा, आणि बाबा मध्ये बोलू लागले तर थांबू नका.

मी नोकरी सोडत नाही आणि तुम्हालाही सोडत नाही. कारखान्याजवळ तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्यात. शेगडी विजेची आहे. तुमची खोली उन्हाच्या बाजूला आहे.

पत्र वाचून मी खूप रडले, बाबा. शनिवारी न्यायला येते. नाही म्हणायचं असेल तर माझा हात हातात धरून म्हणा.

भिंगरी