कीर्तनाची जागा दुसऱ्या कुणाला द्या

फ्रिस्को, टेक्सस
मार्चचा दुसरा सोमवार

चि. सौ. पद्मजास अम्माचा आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला इथे कुणाला वेळ नाही. सांबशिवरावांचा खोकला गेला का? हे पत्र शेजारच्या अनसूयम्मा गावी येताहेत त्यांच्याकडे देते आहे. फोनवर का नाही म्हणशील, तर फोनवर तूच बोलतेस आणि मी हूं हूं करते. शिवाय इथे तुझा भाऊ कान देऊन बसलेला असतो. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

तू पाठवलेलं गोंगुऱ्याचं लोणचं मिळालं. अर्धं तुझ्या भावानेच, वेणूनेच, संपवलं. संपवताना तोंड चालूच होतं, आणि विषय एकच. इथली शाळा हलकी, आपली शाळा भारी. पद्मा, माझे कान किटले गं. सकाळी इडली खाताना तेच, गाडीत तेच, देवळात प्रदक्षिणा घालताना तेच. बरं, इथे सगळे आपलेच लोक, आणि सगळ्या बापांचं हेच रडगाणं. पोरांना हलक्या शाळेत घालण्यासाठी भारी घरं घेतली म्हणे, आणि शनिवारी त्याच पोरांना गणिताच्या शिकवणीला नेऊन सोडतात.

त्याची लेक कीर्तनाही काही कमी नाही. चौदावं लागलं तरी सात आठे किती विचारलं की हिशेबाचं मशीन शोधते. मी म्हटलं, "अगं, मशीन हरवलं तर काय करशील?" तर म्हणते, "नानम्मा, मग तुला विचारेन." पण गेल्या महिन्यात तिने शेवयांच्या कोरड्या काड्यांचा पूल केला. इकडून तिकडे हातभर. त्याला डबा टांगून त्यात नाणी टाकायची, मोडेपर्यंत. मोडला. मग तो का मोडला, हे तिने तीन पानं लिहिलं, आणि बाईंनी सगळ्यात वरचे मार्क दिले. वेणू म्हणाला, "पूल पडला आणि पहिला नंबर? आपल्याकडे असल्या इंजिनियरला घरी बसवतात." नंबरबिंबर काही नव्हता. इथे नंबर सांगतच नाहीत, हेच तर त्याचं दुखणं. विजयवाड्यात चौकाचौकात पोरांचे फोटो लागतात आणि इथे बापाला कळतसुद्धा नाही की आपली पोर कितवी.

मग शाळेतून पालकांना बोलावणं आलं. मीही गेले, जंतिकलूच्या चकल्यांचा डबा घेऊन. रिकाम्या हाताने मास्तरणीकडे कसं जायचं? इथे सगळं बोलणं पोरच करते, आपल्या वह्या उघडून दाखवते. कीर्तना बाईंशी इंग्रजीत आणि माझ्याशी आपल्या भाषेत बोलत होती. मला तर वाटलं, हिलाच मास्तरीण करावी. मग बाई वेणूकडे वळून म्हणाल्या, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तुमची मुलगी विचारते.

पद्मा, तुझा भाऊ ताडकन उभा राहिला. कानापर्यंत लाल. म्हणाला, "माफ करा मॅडम, यापुढे विचारणार नाही. मी घरी समज देईन." बाईंना वाटलं गंमत करतोय, त्या हसल्या. याला वाटलं, टोमणा मारताहेत. गाडीत बसल्यापासून जो सुरू झाला. "बाई शिकवताहेत आणि तू मध्ये तोंड घालतेस? तुझ्या आत्याच्या सिंधूची कधी अशी तक्रार आली का?" सूनबाई हरिता म्हणाली, "अहो, ती कौतुक करत होती." हा म्हणाला, "प्रश्न विचारल्याचं कुणी कौतुक करतं का?"

पोर गप्प झाली. दोन आठवड्यांनी बाईंचाच निरोप आला, कीर्तनाची तब्येत बरी नाही का, वर्गात बोलत नाही. वेणू म्हणाला, "बघा, सुधारली." मी कपाळाला हात लावला.

आता मुद्द्याचं. तू जूनसाठी कीर्तनाची जागा विजयवाड्याला सिंधूच्या शिकवणीच्या हॉस्टेलमध्ये धरून ठेवली आहेस. मी तिच्याबरोबर येऊन जवळ खोली घेऊन राहायचं, सुट्टीला ती माझ्याकडे येईल, असं तुम्हा भावाबहिणींचं ठरलं. मला विचारलंत तेव्हा मी मान हलवली. दोघी नाती एका ठिकाणी, याचा मलाही आनंदच झाला होता.

सिंधू एवढीशी असताना विचारायची, चंद्र आपल्या गाडीबरोबर का पळतो, ताक घुसळल्यावर लोणी वरच का येतं. तू म्हणायचीस, अम्मा, हिला कुणीतरी गप्प करा. आठवतं? हे असं मध्येच का लिहिते, ते सांगते.

दर रविवारी सिंधूला फोन मिळतो, त्यातला थोडा ती कीर्तनासाठी ठेवते. कालच्या नाही, त्याआधीच्या रविवारी मी कोचावर वाती वळत बसले होते. कीर्तनाने तिला एक गणित दाखवलं, इथे तिच्या वर्गाला आठवडाभर पुरलेलं. तुझ्या पोरीने ते बोलता बोलता सोडवलं. मला इतका अभिमान वाटला. कीर्तना म्हणाली, "अक्का, पण हे असंच का करायचं?" सिंधू म्हणाली, "माहीत नाही गं. विचारलं तर तास जातो, मागच्या मुली चिडतात."

मग आवाज खाली करून म्हणाली, "तू येऊ नकोस."

कीर्तना म्हणाली, "मी आले तर तुला सोबत होईल ना?" ती म्हणाली, "होईल. तरी येऊ नकोस. आणि आमच्या अम्माला सांगू नकोस, तिने माझा फोटो सगळ्या गल्लीला दाखवलाय."

मी तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं. कीर्तनाने फोन माझ्याकडे वळवला. लगेच सिंधू हसली. "अम्मम्मा, मी मजेत आहे. जेवण छान असतं." तिचे केस मुलासारखे कापलेले. तू उवा झाल्या म्हणाली होतीस. मी विचारलं तर म्हणाली, "नाही अम्मम्मा, धुवायला वेळ जातो." एवढं बोलली आणि वेळ संपला.

काल मी वेणूला सांगितलं, मी कीर्तनाची पालक म्हणून सही करणार नाही, तिच्याबरोबर येणारही नाही. मी नाही तर ती नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तो म्हणाला, "पाचवी शिकलेल्या बाईने मला शिक्षण शिकवू नये." मी म्हटलं, "बरं." तेव्हापासून अबोला आहे. हरिता मला न मागता दुसऱ्यांदा कॉफी आणून देते, त्यावरून काय ते समज. तेव्हा कीर्तनाची जागा दुसऱ्या कुणाला द्या.

खोली मात्र सोडू नकोस. मी येणार आहे. एकटी. सिंधूला हॉस्टेलमधून काढून माझ्याजवळ ठेव. शिकवणी तीच राहू दे, गणित तिला आवडतं, ते मी कशाला तोडू? सकाळी जाईल, संध्याकाळी माझ्याकडे येईल, गरम भात जेवेल, आणि तिला जे विचारायचं ते मला विचारेल. मला उत्तर येणार नाही, ते तिलाही ठाऊक आहे.

हे वाचून तू चिडशील. सिंधूने सांगू नको म्हटलं होतं आणि मी सांगितलं, म्हणून तीही माझ्यावर चिडेल. चिडू देत.

तुला नाहीच म्हणायचं असेल तर मला फोन करू नकोस. या रविवारी विजयवाड्याला जा, सिंधूसमोर बस, आणि तिला सांग.

तुझी
अम्मा