हंबीररावांचं ओलं बोट

१७ फेब्रुवारी
आज चवीने राजीनामा दिला. चहा की कोमट पुठ्ठा, कळेना. जिभेला मूळ असतं हे मला आधी संस्कृतच्या तासाला कळलं, जिह्वामूलीय वर्ण शिकताना. दुसऱ्यांदा बायॉप्सीच्या रिपोर्टात.

१८ फेब्रुवारी
किरणांच्या रांगेत माझ्या आधी हंबीरराव असतात. शहाजीराजांच्या वेळेपासून बेंगळुरात मुरलेलं घराणं, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथचं वर्कशॉप, भरघोस मिशा. बेळगावहून एक दिवस शिळा होऊन येणारा आमचा पेपर वाचत बसतात. मी त्याचीच इथली बातमीदार, हे सांगितलेलं नाही. आज माझीच बातमी वाचून म्हणाले, "स्वल्प लांबण लावतीया ही बाई."
मग जिभेला बोट लावून पान उलटलं. ओलं बोट! इकडे माझी जीभ टाळूला पोस्टाच्या तिकिटासारखी चिकटलेली.

२० फेब्रुवारी
न राहवून विचारलंच, किरणं घेऊनही तुमच्या तोंडाला लाळ कशी?
"आमचं एकाच बाजूला हो, अक्का. डावा टॉन्सिल. उजवीकडची लाळ शाबूत ठेवलीय डॉक्टरांनी."
माझी गाठ मधोमध, म्हणून किरणं गळ्याच्या दोन्ही बाजूंना. कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी "जमेल तेवढ्या वाचवू" म्हणाले होते. जमेल तेवढ्या! बाईने शेजारणीच्या पैठणीवर जळावं, ते मी समजू शकते. पण परपुरुषाच्या थुंकीवर? अलंकारशास्त्रात याला जागा नाही.

२१ फेब्रुवारी
आज त्यांनी एकही पान सोडलं नाही. छोट्या जाहिरातीसुद्धा.

२६ फेब्रुवारी
परवापासून काही गिळलं नाही. घशात निखारे. शिवलीलाने पकडलं. ही निपाणीची मुलगी, आम्हाला गिळायचे व्यायाम शिकवते.
"वीणाताई, दुखतंय म्हणून सोडलं तर घसा गिळायचं विसरतोय बघा. मग नाकातनं नळी. पुढं ती निघंल का नाही, सांगता येत न्हाई. दुखायचं औषध घ्या, अर्ध्या तासानं गिळा. पण रोज गिळा."
मग जोर लावून क, क, ग, ग म्हणायला लावलं. कवर्गाची अशी विटंबना पाणिनीने बघितली नाही, बरं झालं.
नळीला मी फार भिते. पण गिळायला त्याहून जास्त भिते.

३ मार्च
हंबीररावांनी थर्मास उघडला, नाचणीची अंबील माझ्या भांड्यात ओतली. स्वतः घटाघट प्यायले, मिशा पुसल्या.
"घ्या की अक्का, एक घोट. का तुमचंपण बेळगावच्या पेपरासारखं, आजचं उद्या?"
संतापाने घेतला. काचा गिळल्यासारखा गेला, पण गेला. मग आणखी एक. हा माणूस जिंकायला नको, एवढंच डोक्यात.
त्यांनी जिभेला बोट लावलं, पान उलटलं आणि पेपर माझ्याकडे दिला. मी कोपरा चाचपून पाहिला (होय, इथवर पोचले आहे) तर ठणठणीत कोरडा. यांची थुंकीही खानदानी, लगेच वाळते.

१४ मार्च
किरणं संपली. नळी लागली नाही. आज अख्खी वाटी अंबील संपवली आणि ज्यांना दाखवायची, ते गेल्या आठवड्यातच मोकळे झाले. जाताना कानडीत "सरी, अक्का", म्हणजे 'ठीक आहे', एवढंच म्हणाले.

१२ मे
तपासणीला गेले होते. तोंड अजून वाळवंट. शेजारी एक नवी बाई, हातात अंबिलीचा ग्लास, तसाच भरलेला. म्हणाली, "तुम्हाला पण दोन्ही बाजूंना का हो?"
"नाही हो, एकाच," तोंडातून निघून गेलं. मांडीवर आमचाच पेपर होता; हंबीररावांसारखं जिभेला बोट लावलं, पान उलटलं. बोट कोरडं. कोपरा कोरडा.
म्हणजे हंबीररावांचंही बोट कोरडंच होतं!
बाईने माझ्याकडे असं पाहिलं की जाळूनच टाकील. मग ग्लास उचलला.