खिडकीतून मोजलेलं गवत

२ जून, रविवार. सकाळी.

मला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. म्हणजे ही रोजनिशी माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित. माझ्या नातीने, क्लिओनाने, फोनवरचं माइकचं चित्र दाखवलं. आजी, इथे दाब आणि बोल. दाबलंय. बोलतेय. आकडे मात्र मला येतात. बिंगोची कृपा.

क्लिओना सहकारी डेअरीत लागली आहे. नोकरी कच्ची. काम काय, तर इथल्या दूधवाल्या शेतकऱ्यांना गवताचं ॲप वापरायला लावायचं. दर आठवड्याला कुरणातलं गवत मोजायचं, आकडा ॲपमध्ये टाकायचा. मग ॲप सांगणार, आज गायी कुठल्या तुकड्यात सोडा, गवत पुरेल की नाही. ऑगस्टअखेर आठ घरं तयार झाली तर नोकरी पक्की. नाहीतर पोरगी ऑस्ट्रेलियाला. तिचे दोन्ही भाऊ आधीच तिकडे. ख्रिसमसला ते फोनच्या चौकोनात येऊन बसतात, टर्कीला हात लावत नाहीत.

आजवर किती घरं तयार? एकही नाही.

संकल्प: हे काम मी हातात घेणार. पोरीला गवत कळतं. माणसं मला कळतात.

९ जून, रविवार. मिस्सा झाल्यावर.

चर्चच्या फाटकाशी बॅट क्रोलीला गाठलं. आमचा शेजारी, बांधाला बांध. पन्नास वर्षं मी विचारतेय, यंदा गवत कसं रे? पन्नास वर्षं तो सांगतोय, वाईट नाही. आयर्लंडच्या या कॉर्कमध्ये शेजाऱ्याला याहून जास्त कोणी सांगत नाही.

ॲपचं नाव काढताच म्हणाला, हॅना, माझ्या गायींना गवत कुठे आहे ते ठाऊक आहे, त्यांना फोन करावा लागत नाही. सगळे हसले. मीही हसले. मग म्हटलं, खरंय बाबा, तू नकोच घेऊस. त्यात सगळ्यांचे आकडे सगळ्यांना दिसतात. आमच्या टाइगचं गवत तुझ्यापेक्षा जोरात वाढतंय, हे उगाच गावभर कशाला?

टाइग माझा मुलगा, क्लिओनाचा बाप.

दुपारपर्यंत बॅटने ॲप घेतलं. चहापर्यंत आणखी तिघांनी.

२३ जून, रविवार.

आठ घरं पूर्ण! क्लिओनाने मला उचलायचा प्रयत्न केला. तिच्या साहेबाने तिची पाठ थोपटली. खरी पाठ कोणाची थोपटायला हवी होती, ते जाऊ दे.

टाइग मुरघासाच्या, म्हणजे हिवाळ्यासाठी ओला चारा मुरवून ठेवायच्या गडबडीत, म्हणून आमचं गवत मोजणं माझ्याकडे. मीटर म्हणजे एक काठी, खाली पत्र्याची थाळी. गवतावर टेकवली की टिक करते आणि उंचीचा आकडा दाखवते. शेताचे तुकडे तेवीस. आज फाटकाजवळचा एक मोजला. बाकीचं गवत त्याचंच भावंड. शिवाय कंबर.

३० जून, रविवार.

बॅटचा आकडा आमच्यापेक्षा दोनने जास्त! अशक्य. त्याच्या जमिनीत दगड पेरलेत देवाने.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट पाहिलं. आमचं गवत वाटलं होतं त्यापेक्षा बरंच उंच आहे. आकडा चारने वाढवला. याला दुरुस्ती म्हणतात.

संकल्प: पुढच्या रविवारी सगळे तुकडे पायी.

१४ जुलै, रविवार.

पाऊस नाही. ऊन विचारू नका. पायी जमलं नाही. खिडकी.

बॅट मिस्सा चालू असताना बाकाखाली फोन धरून आकडा टाकत होता. मी पाहिलं. शेतात न जाता! असल्या माणसांमुळे ॲपचं नाव खराब होतं. मी निदान खिडकीपर्यंत तरी जाते.

२८ जुलै, रविवार.

डेअरीच्या नकाशावर सगळा जिल्हा पिवळा पडलाय, फक्त आमचं गाव हिरवंगार. साहेब थक्क. म्हणाला, या उन्हात हे कसं साधलं? क्लिओना लाजून म्हणाली, नियोजन, सर. सतरा ऑगस्टला तो बसभर शेतकरी घेऊन टाइगचं शेत दाखवायला येणार. त्याच दिवशी तिला पक्कं करणार म्हणे.

टाइग कुरकुरतोय. आई, गायी हंबरतायत. पण ॲप सांगतं गवत उरतंय, म्हणून त्याने पेंड बंद केली, मुरघासाचे गठ्ठे मामेभावाला देऊन टाकले. आई, आकडे बरोबर आहेत ना? मी म्हटलं, मशीनवर विश्वास नाही तुझा? याच जुनाट वृत्तीशी तुझी लेक लढतेय.

११ ऑगस्ट, रविवार.

खिडकी पुसली. गवत कमी दिसलं. पुन्हा पुसणार नाही. बॅट एकने पुढे होता. आता मागे आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी.

सकाळी तीन ॲपल टार्ट भाजून तयार. बस वेळेवर आली. फक्त गायी जागेवर नव्हत्या.

कुंपण मोडून गेल्या होत्या. सगळा कळप बॅटच्या कुरणातून गेला, आणि एकीनेही वाटेत मान खाली घातली नाही. यावरून त्याचा आकडा किती खरा होता ते कळतं. थेट पोचल्या हर्लिंगच्या मैदानावर. उद्याच्या सेमीफायनलसाठी क्लबने नदीचं पाणी मारून ते हिरवं ठेवलं होतं. होतं.

साहेबाने आमच्या शेतात मीटर टेकवला. थाळी सरळ मातीला लागली. बसमधली माणसं टोप्या काढून उभी, जसं काही कोणी गेलंय. साहेबाने विचारलं, मोजलं कोणी? टाइगने माझ्याकडे पाहिलं. मी टार्टकडे. क्लिओना म्हणाली, चूक माझी सर, मी येऊन तपासायला हवं होतं.

मी सांगणार होते की काच जुनी आहे. राहून गेलं.

१ सप्टेंबर, रविवार.

नोकरी गेली नाही. पक्कीही नाही. साहेबाने ख्रिसमसपर्यंत मुदत दिली. पुन्हा आठ घरं, आकडे खरे. खोटे टाकायचे होते तोवर सगळ्यांना ॲप आवडत होतं. खरे म्हटल्यावर गावात कोणाच्याच फोनला रेंज नाही. बॅटने तर ॲप काढूनच टाकलंय. टाइग मामेभावाकडे गठ्ठे परत मागायला गेलाय, तोंड पाडून.

क्लिओना ऑस्ट्रेलियाबद्दल बोलत नाही. पण व्हिसाचे फोटो काढून आणलेत. ड्रॉवरमध्ये पाहिले. फोटो वाचायला अक्षरं लागत नाहीत.

आज तिने मीटर माझ्या हातात दिला. आजी, पहिलं घर तुझं. आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

गेले. पहिला तुकडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कंबर मोडली. आलेला आकडा इतका बारका की बिंगोत शेजारणीला ऐकू गेला नसता. तसाच टाकला. अजून बावीस तुकडे.

बांधापलीकडून बॅट ओरडला, काय गं हॅना, गवत कसं आहे?

म्हटलं, वाईट नाही.