बुडाचा लाल टिपका

मंगळवार, ९ तारीख
दुकानातून, दुपारी

प्रिय बटण्या,

तू मजेत असशील. तुझं नवं दुकान जोरात चाललंय असं येणारा-जाणारा सांगतो, तेव्हा मुद्दाम विचारत नाही. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. सेलना पट्ट्या जोडायचा स्पॉट वेल्डर पुन्हा रुसला होता, दोन थपडा दिल्यावर चालू झाला.

हे पत्र बाबांनी लिहायला लावलंय. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून म्हणाले, लिही. निरोप एवढाच: "त्याला कळव, तू दिलेला बॅटरी पॅक एकदम फर्स्टक्लास चालतोय." कळवलं. झालं बाबांचं काम. आता माझं ऐक.

दुकान उघडल्यावर तू बाबांना स्वतः बांधलेला ड्रिलचा पॅक भेट दिलास ना, त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्या पॅकला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं रे आलं की ड्रिल पुढे करायचे. "धाकट्याने भरलाय. वेल्डिंग बघा कसं सरळ आहे!" बंद प्लास्टिकच्या आतलं वेल्डिंग कोणाला दिसणार होतं, कपाळ! मी एकदा म्हटलं, "बाबा, उघडून मीटर लावू का?" तर माझ्यावरच खेकसले, "पोराच्या कामावर मीटर लावतेस?" आयुष्यभर स्वतःच्या कामावर मीटर लावणारा माणूस हा.

आपल्याकडची पद्धत तू विसरला नसशील. जुन्या पॅकमधले सेल पूर्ण चार्ज करून आठवडाभर फळीवर नुसते ठेवायचे. जो आपोआप उतरेल त्याच्या बुडाला माझ्या नेलपॉलिशचा लाल टिपका, आणि रवानगी वाळूच्या बादलीत. टिपका बुडालाच का, तर वरचं कव्हर कोणीही बदलेल, बूड कसं बदलणार, हे बाबांचं म्हणणं. तू हसायचास. चांगले सेल फेकता, भित्रे आहात म्हणायचास. त्यावरूनच भांडलास आणि दार आपटून गेलास. दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा परत येऊन म्हणालास, "बादली भरलीये, जाता जाता भंगारात मी टाकतो." बाबांना केवढं बरं वाटलं! पोरगं राग विसरलं म्हणून दिवसभर गुणगुणत होते.

मागच्या आठवड्यात बाबा शिडीवर चढून भिंतीला भोकं पाडत होते. पॅक तापला, मग धूर यायला लागला. खाली टेबलावर गिऱ्हाइकांचे पॅक उघडे पडलेले, आणि मी तिथेच बसलेली. दुसरा कोणी असता तर ड्रिल टाकून मोकळा झाला असता. हे तसेच घट्ट धरून खाली उतरले आणि वाळूच्या बादलीत खुपसलं. उजवा तळहात गेला, बोटंही भाजली. डॉक्टरांना म्हणाले, चार्जरवर हात पडला. मला म्हणाले, "मीच जोरात दाबलं, पॅकचा काय दोष?"

पॅक थंड झाल्यावर मी उघडला. आत नवीकोरी निळी कव्हरं. कापून काढली. निकेलची पट्टी नीट चिकटावी म्हणून तू बुडाचा मधला भाग तेवढा घासलास, कडेचं लाल तसंच राहिलंय. एखाद्या सेलला नाही रे, सगळ्यांना! वर मरतुकड्या सेलमुळे पॅक सारखा बंद पडू नये म्हणून आतल्या संरक्षक बोर्डालाही वायर टाकून बगल दिलीस. बापाला द्यायच्या पॅकमध्ये तरी चार बरे सेल घालायचेस. की कुठला पॅक बापाला जाणार, हेही बघितलं नाहीस?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे वळते तर बाबा उभे. त्यांनी ते लाल बघितलं, स्वतःच्या हाताने लावलेलं. मला वाटलं, आता कडाडतील. तर म्हणाले, "झाक ते. त्याला लिही, छान चालतोय."

बोटांना आता काही लागत नाही, गरम नाही की गार नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित असंच राहील. काल वेल्डरशी बसले तर सेल हातातून घरंगळला. उचलला, पुन्हा घरंगळला. मग म्हणाले, आज कंटाळा आलाय. बाबांना कामाचा कंटाळा! मी मागच्या खोलीत जाऊन रडले आणि तुझ्या नावाने बोटं मोडली.

कोपऱ्यावरच्या सुताराने तुझ्याकडून पॅक नेले होते, ते मी मागून आणून वाळूत पुरलेत. बाकीचे तू गोळा कर. दारोदार जा, लाज वाटली तरी जा. शनिवारपर्यंत केलं नाहीस, तर दुकानाबाहेर पाटी लावीन, तुझ्या नावासकट. बाबांनी मला गप्प राहायची शपथ घातलीये. ती मी हे पत्र लिहून मोडलीच आहे.

रविवारी तू जेवायला येणार म्हणून बाबा सकाळपासून डाव्या हाताने चमचा धरायचा सराव करतायत, तुला काही कळू नये म्हणून. जमत नाही. सगळं अंगावर सांडतं, आणि माझ्याकडे बघून हसतात. आलास की त्यांच्या उजवीकडे बस. ते हात टेबलाखाली लपवतील. तू तो बाहेर काढ आणि नीट बघ.

बाबांनी आशीर्वाद सांगितलेत, म्हणून लिहिले. माझे नाहीत.

ताई