लाल पट्टा

४ मे १९९५, हल, इंग्लंड
लीगचं पत्र आलं. या शहरातून एकच रग्बी संघ घेणार. आम्ही ट्रॉलर्स आणि नदीपलीकडचे डॉकर्स – महिनाअखेरपर्यंत एक व्हा, नाहीतर दोघंही बाहेर! एकतीस वर्षं या मैदानाचं गवत मी राखलं. पासष्टीला आलो. दुसरं काय येतं मला?

७ मे, रविवार
लीन आणि जावई जेवायला. कीथ कट्टर डॉकर्सवाला – नशीब माझं! लीनने सॉसेज तळले. बेकन या घरात शिजत नाही. लाल-पांढरं असतं, थेट डॉकर्सची जर्सी! कीथ म्हणतो, "सासरेबुवा, एक झालो की रोज खावं लागेल हं!" मला हसू आलं नाही.

भांडी विसळताना लीन हळूच म्हणाली, "पप्पा, हो म्हणून टाका. क्लब बुडाला तर घरात एकटे काय करणार?" पोरीचं खरं आहे. पण इथे कोणापुढे बोलायची सोय नाही.

१२ मे
सभा. एकत्र संघाच्या नव्या जर्सीचं चित्र क्लबच्या भिंतीवर. आमची काळी-पांढरी, मधोमध बोटभर त्यांचा लाल पट्टा. झालं! दोन तास त्या पट्ट्यावरच. मैदान कोणाचं, खेळाडू कोण ठेवायचे – एकाने विचारलं असेल तर शपथ. म्हातारा आर्थर काठी आपटत, "ते लाल अंगावर घालण्यापेक्षा उघडा मरेन!" स्वतःचे दात तोंडात राहत नाहीत, आणि हा जर्सी घालणार!

१३ मे
पाऊस. गवत कापलं नाही.

१९ मे
मतदान. 'हो' म्हणायचं ठरवूनच गेलो होतो. 'हो'ला चार हात. माझा मांडीवरच. शेजारी आर्थर, मागेपुढे सगळे जन्माचे ओळखीचे. 'नको'ला हात वर गेला. आपोआप गेला म्हणू? नाही. मीच केला. भित्रा कुठला!

टाळ्या, आरडाओरडा, बिअर. आर्थरने मिठी मारली. मी बिअर तशीच ठेवून घरी आलो.

१ जून
संपलं. दोन्ही क्लब बाहेर. मैदान विकणार. अध्यक्ष खाली मान घालून म्हणाले, "नॉर्मन, आता गवत नका कापू." तरी कापलं. रिकाम्या घरी जाऊन करू काय?

४ जून
कीथ एकटाच आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "तुमच्या मतदानाच्या आदल्या दिवशीच आमची सभा झाली होती. लाल सोडायचं ठरलं होतं, पूर्ण काळी-पांढरी. पण आधी तुम्ही हो म्हणायचं, मग आम्ही सांगायचं – आपण वाकलो असं दिसायला नको म्हणून."